माझ्या लिव्हरांविषयी खुलासा

श्रीयुत थोरले साडूभाऊ यांना,

धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार. (उजव्या गुडघ्याला पट्टी आणि डाव्या तळहाताला खरचटलेलं असल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं सध्या कामावर आहेत. उरलेली दोन बरी झाली की प्रत्यक्ष भेटीत नमस्कार पुरा करीन.) ताईंना माझा नमस्कार सांगावा आणि हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं, म्हणजे तुम्ही ते वाचलंत याची खात्री होईल.

पत्र बघून तुम्ही चकित झाला असाल. आपण साडू होऊन इतकी वर्षं झाली, पण पत्र सोडाच, आपल्यात धड बोलणंसुद्धा झालेलं नाही. भेटलो की तुम्ही म्हणता, "काय, ठीक?" मी म्हणतो, "ठीक. तुमचं?" तुम्ही म्हणता, "चाललंय." मग आपापल्या बायकांनी जेवायला हाक मारेपर्यंत आपण दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसतो. तुमच्या बैठकीतल्या भिंतीवर घड्याळाखालून जी चीर निघते, ती कुठे वळते आणि कुठे फुटते याचा नकाशा मी झोपेतसुद्धा काढून देईन. (माझा पेशाच नकाशांचा.) आणि अशा माणसाला मी विचारतो आहे की प्रकृती कशी आहे. साडूभाऊ, हे रीत म्हणून विचारत नाही. तुम्ही माझ्यासाठी रक्त तपासून आलात, तळलेलं सोडलंत, हे ताईंच्या फोनवरून कळल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

तेव्हा आढेवेढे न घेता (म्हणजे माझ्या मानानं न घेता) सांगून टाकतो. माझं लिव्हर जागच्या जागी आहे. बदलायचे आहेत ते माझ्या सायकलच्या ब्रेकचे लिव्हर. हँडलवर असतात ते. एक डावा, एक उजवा. ज्याच्यासाठी तुम्ही पोट फाडून घ्यायला निघालात ते दुखणं मुळात पान्यानं सुटणारं होतं. (सुटलं मात्र नाही. ती रडकथा पुढे येतेच आहे.) जरा कुणी व्याकरणाकडे लक्ष दिलं असतं तर हा अनर्थ टळला असता. सायकलचा तो लिव्हर, पोटातलं ते लिव्हर. भाषेनं इतकी ढळढळीत खूण करून ठेवलेली असताना आपल्या सासुरवाडीच्या एकाही माणसाला लिंग ओळखता येऊ नये, याला काय म्हणावं? चूक माझीही थोडी आहे म्हणा. घाईत बोलताना मी दोन्हींना 'ते'च म्हणतो.

सायकल तुम्ही पाहिली आहे. निदान तिला अडखळला आहात, आमच्या जिन्याखाली असते ती. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, सुतळीएवढी चाकं, आणि सीट अशी की तिच्यावर बसण्यापेक्षा तिच्याविषयी बोलणं सुखाचं. लग्नाआधी घेतलेली शर्यतीची सायकल. मी शर्यत कधी जिंकलो नाही (लावलीही नाही), पण वाकून हँडल धरलं की आपण कुणाच्या तरी पुढे आहोत असं वाटतं, आणि हे वाटणं मला दिवसभरात दुसरीकडे कुठेही मिळत नाही. कचेरी आमची टेकडीवर, पाण्याच्या मोठ्या टाकीला लागून. पाणी आपोआप खाली गावात जावं म्हणून टाकी वर बांधतात, आणि नळांचे नकाशे सांभाळणारा माणूसही त्याच नियमानं संध्याकाळी आपोआप घरी जावा म्हणून कचेरी तिथेच बांधली असावी. सकाळी मी सायकल हातात धरून चढतो, संध्याकाळी तिच्यावर बसून उतरतो.

एका संध्याकाळी उतार लागला तसा मी उजवा लिव्हर दाबला. तो कट्ट असं म्हणाला आणि माझ्या हातात आला. ('यश हातात आलं' म्हणतात तसा नव्हे, खरोखरच.) मग जिवाच्या आकांतानं डावा दाबला, तर त्याला हँडलशी धरून ठेवणारी पट्टी इतक्या वर्षांची नोकरी सोडून निघून गेली. आता ब्रेक म्हणून फक्त देवाचं नाव उरलं होतं, आणि तेही मला ऐनवेळी आठवेना. उताराच्या तळाशी नवा फुटपाथ होत होता. गवंडी ओल्या सिमेंटवर थापीचा शेवटचा हात फिरवून दोन पावलं मागे सरला होता आणि मान तिरकी करून आपलं काम न्याहाळत होता, चित्रकार न्याहाळतो तसा. त्या चित्रात मी शिरलो.

मला लागलं का, हे त्यानं विचारलं नाही. "हलू नका!" एवढंच तो ओरडला. मला वाटलं, माझं हाड मोडलं असेल म्हणून काळजीनं सांगतोय. तर नाही, मी हललो की सिमेंट आणखी बिघडेल म्हणून! त्यानं शांतपणे फळ्या आणल्या, दोन्ही बाजूंनी टाकल्या आणि आधी सायकल उचलली, मग मला. तोवर बघे जमले होते. त्यांतल्या एका बाईंनी आपल्या सोबतिणीला, "कुठल्या शर्यतीतले असतील?" असं विचारल्याचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि त्या सबंध दिवसात तेवढंच काय ते बरं वाटलं. गवंड्यानं नंतर सगळं पुन्हा सारवून काढलं, पण ठाऊक असलेल्याला माझा गुडघा आणि चाकाची रेघ अजून दिसते. (आमच्या घरून ती पाहुण्यांना दाखवायला नेतात.)

आता नवे लिव्हर घ्यायचे एवढंच राहिलं, असं मला वाटलं. साडूभाऊ, माणसाला काय वाटेल ते वाटतं.

मी आधी सायकलींच्या मोठ्या, काचेच्या दारांच्या दुकानात गेलो. तिथल्या विक्रेत्यानं सायकलचा फोटो बघून, "ही तुम्ही अजून चालवता?" असं विचारलं, ज्या सुरात आपण 'पणजोबा आहेत अजून?' असं विचारतो त्या सुरात. मग त्यानं चकचकीत खोक्यातली एक जोडी दिली. घरी आल्यावर कळलं की ते सरळ हँडलचे लिव्हर, आणि माझं हँडल जन्माचं वाकडं. पट्टी नळीवर चढेना, चढली तेव्हा उतरेना. ती परत करून दुसरी जोडी आणली. आकार अगदी बरोबर, हात ठेवला तर खुर्चीच्या दांडीवर ठेवावा तसा. पण माझ्या सायकलची तार लिव्हरच्या डोक्यातून निघून हवेतून कमान घेत जाते, आणि या नव्यांची तार हँडलला चिकटून, वर गुंडाळलेल्या पट्ट्याखाली तोंड लपवून जाते. शिवाय तारेच्या टोकाला जो मणी असतो तो माझा गोल आणि यांच्यातलं मणी बसायचं घर निमुळतं. म्हणजे लिव्हर बदलायचा तर तार बदला, तार बदलायची तर हँडलवरचा पट्टा उकला, पट्टा उकलला तर खालचा गंज बघा, आणि गंज बघितला की विक्रेता प्रेमळपणे म्हणणार, "सर, नवीच सायकल घेऊन टाका." भीक नको पण कुत्रा आवर, असं म्हणत मी तिथून निघालो.

मग तीच जोडी घेऊन सायकलच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याला सगळे 'होऊन जाईल' म्हणतात, कारण काहीही पुढे ठेवलं तरी तो तेवढंच म्हणतो. काही होत मात्र नाही. त्यानं कानस घेतली, मणी घासला, घर पोखरलं, पट्टीखाली टायरचा तुकडा कोंबला आणि लिव्हर बसवून दाखवले. मी दाबून बघितले. लोण्यात सुरी शिरावी तसे ते अलगद जाऊन हँडलला टेकले, पण चाकाला त्याची खबरबातही नाही. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "साहेब, जरा आधीपासून दाबत या."

"आधी म्हणजे कुठून?"

"टाकीपासूनच धरा की."

मी कुरकुर केली तेव्हा त्यानं तार अशी ताणली की नुसतं बोट लागलं तरी चाक जागच्या जागी थिजावं. आणि या सगळ्या भरात पुढच्या ब्रेकची तार डाव्या हाताला आणि मागची उजव्या हाताला जोडली, जे माझ्या सवयीच्या नेमकं उलट. हे मला कसं कळलं? घराच्या फाटकाशी पोचल्यावर मी मागचा म्हणून पुढचा दाबला. सायकल थांबली, मी थांबलो नाही. वरच्या नमस्कारात वजा केलेली दोन अंगं ती हीच.

ते लिव्हर मी त्याच संध्याकाळी काढून टाकले. एवढ्यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. मी जुन्या सायकलींच्या शौकिनांच्या एका गटात फोनवरून फोटो टाकला. तार वरून न्यावी की पट्ट्याखालून, यावर त्यांची जी जुंपली ती अजून मिटलेली नाही. वरून नेणारे पट्ट्याखालून नेणाऱ्यांना नवश्रीमंत म्हणतात, पट्ट्याखालचे वरच्यांना म्हातारे म्हणतात. एकानं मला तळहात मोजायला सांगितला. मोजला, तर कळलं की त्या काळच्या लिव्हरांना माझा हात मुळातच आखूड पडतो. म्हणजे इतकी वर्षं मी ब्रेक दाबत होतो, हा माझा निव्वळ गैरसमज होता. (हे वाचून मी बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसलो. या हातानं आणखी काय काय दाबल्याचं मी समजत आलो असेन?) शेवटी एका भल्या गृहस्थानं एक फोन नंबर दिला: गावातच एक जुने सायकलस्वार आहेत, अंथरुणाला खिळलेत, त्यांची अगदी अशीच सायकल पडून आहे, मुलाशी बोला.

आणि इथे आपल्या मामी कथेत येतात. (तुमच्या-माझ्या बायकांच्या सख्ख्या मामी. त्यांना मी दोष देत नाही. दैवाला हत्यार लागतं, इतकंच.) त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे उतरल्या होत्या. डोळ्यावर पट्टी, सगळं लक्ष कानात. मी बाहेरच्या खोलीत त्या मुलाशी बोलत होतो, आणि आत मामींना ऐकू येत होतं ते फक्त माझ्या बाजूचं, ते असं: "हो, लिव्हरच. जुनं असलं तरी चालेल हो, नवं बसत नाही मला... वडील आता वापरतच नाहीत ना? मग पडून राहण्यापेक्षा माझ्या कामी येईल... मी माझा माणूस घेऊनच येतो, तो काढून घेईल, पाच मिनिटांचं काम... वडिलांना सांगायलाच हवं का? झोपेत असताना काढलं तर त्यांना कळणारही नाही."

मामी पट्टीखाली रडायला लागल्या. डॉक्टरांनी त्यांना निक्षून सांगितलं होतं, काही झालं तरी रडायचं नाही.

(जाता जाता त्या मुलाकडचं सांगतो. त्यानं प्रामाणिकपणे वडिलांना विचारलं. कुणीतरी आपल्या सायकलचे लिव्हर मागतोय हे ऐकल्याबरोबर म्हातारबुवा उठून बसले, सायकल बाहेर काढायला लावली आणि आता रोज अंगणात खुर्ची टाकून तिला तेलपाणी करतात. मुलानं फोन करून माझे इतके आभार मानले की मला लिव्हरांचा विषय पुन्हा काढवेना. माझ्यामुळे त्यांच्या घरचा माणूस अंथरुणातून उठला. माझी सायकल मात्र अंथरुणाला खिळली.)

मामींच्या तोंडून बातमी चौफेर गेली. मी "अहो, सायकलचा!" असं म्हणालो की लोक एकमेकांकडे बघून हळूच म्हणत, "त्याला अजून सांगितलेलं दिसत नाही." बायकोनं खडसावून सांगितलं की लोक तिचा हात हातात घेऊन म्हणत, "किती धीराची आहेस गं." घरात फळांचे करंडे आले. ज्या शेजाऱ्यांनी माझ्याशी जिन्याखालच्या सायकलवरून भांडण धरलं होतं त्यांनी स्वतः ती पुसून ठेवली. कचेरीत साहेबांनी फर्मान काढलं की मला वरच्या कप्प्यातले नकाशे काढायला लावू नयेत. मी खुलासा करायला गेलो तर त्यांनी मला पाणी दिलं आणि तपासणीला पाठवलं. नाही म्हणायची सोय नव्हती, त्यांनी गाडीच बोलावली होती.

डॉक्टरांनी पोटावर थंडगार लेप लावून पडद्यावर बराच वेळ बघितलं. मी म्हटलं, डॉक्टर, काही नाही ना? ते म्हणाले, "चरबी चढलीय लिव्हरवर. आत्ताच आवरलंत तर घाबरायचं कारण नाही."

"मग औषध?"

"औषध कसलं? बसून काम ना तुमचं? रोज सायकल चालवा."

साडूभाऊ, मी त्या टेबलावर हसलो की रडलो हे मला खरंच सांगता येणार नाही. लिव्हरसाठी सायकल हवी आणि सायकलसाठी लिव्हर हवेत. मामींना मी खोटं ठरवायला निघालो होतो आणि त्या निम्म्या खऱ्या निघाल्या. जिन्याखाली जाऊन मी सायकलच्या उघड्या हँडलकडे बघत उभा राहिलो. सगळ्या गावाची सहानुभूती आपल्याला मिळतेय आणि आपल्याला हवं आहे ते मात्र कुठल्याच दुकानात नाही, असं झालं की माणूस फार एकटा पडतो.

त्याच दिवशी बायकोला ताईंचा फोन आला. माझ्या सख्ख्या भावानं "काळजी घे" म्हटलं होतं, चुलत्यांनी एका नामी वैद्याचा पत्ता दिला होता. तुम्ही काहीच म्हणाला नव्हता, आणि खरं सांगतो, मला त्याचं काही वाटलंही नव्हतं. ताई म्हणाल्या की तुम्ही कुणाला न सांगता दवाखान्यात जाऊन आलात, रक्तगट जुळतो का बघितलंत, त्या दिवसापासून तळलेल्याला हात लावला नाहीत, आणि त्यांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणालात, "त्याला म्हणावं, माझं घे. अर्धं पुरतं."

बायकोनं फोन ठेवला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी न्हाणीघरात स्टुलावर बसून राहिलो. बारशा-लग्नांमध्ये तुमच्या शेजारी बसून मी किती वेळा मनात म्हटलं असेल की हा मनुष्य म्हणजे दगड. आणि माझ्यासाठी पोट उघडायला निघाला तो नेमका दगडच. बायकोनं ताईंना खरं काय ते सांगितलं, तर तुम्ही म्हणालात म्हणे, "संकोच करतोय तो." म्हणून हे पत्र. सोबत डॉक्टरांचा कागद जोडला आहे. माझ्यावर नसेल तर त्याच्यावर विश्वास ठेवा. तुमचं लिव्हर तुमच्याजवळच सुखरूप राहो. आजपासून निर्धास्तपणे तळलेलं खा. आणि मी तुमचा आभारी आहे हे वाक्य मला चारचौघांत कधीच म्हणता येणार नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवतो आणि तुम्ही त्यावर कधीही काही बोलू नये अशी विनंती करतो.

सर्वांना यथायोग्य सांगावं.

लिव्हर शाबूत, लिव्हर मोडके, असा
तुमचा धाकटा साडू

ता. क. आता विषय निघालाच आहे म्हणून. ताई मागे बोलता बोलता म्हणाल्या होत्या की तुमच्या गच्चीवरच्या खोलीत तुमची तरुणपणची सायकल आहे, वाकड्या हँडलची. माझ्या आठवणीप्रमाणे तिची तारही वरूनच जाते. जो माणूस पोटातलं अर्धं द्यायला निघाला त्याला हँडलवरचे दोन जड जाणार नाहीत, अशा हिशेबानं हे पत्र लिहिलेलं नाही. पण तुमच्या मनात तसं आलंच, तर चार नंबरचा पाना लागेल आणि लिव्हरांवरच्या रबरी टोप्या फाटू न देता हळू ओढाव्यात.

ता. क. २. तुमचा हात माझ्याहून मोठा असल्यामुळे ते मला लांब पडतील, हे मला मान्य आहे. चालेल. दाबता आले नाहीत तरी निदान ते आहेत असं वाटेल.

ता. क. ३. भाऊजी, ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून हे माझ्या हातचं. लिव्हर काढू नका. ह्यांची सायकल मीच ढकलत दुकानात नेली, सायकल समोर ठेवली आणि हिला बसतील ते द्या म्हटलं. त्यांनी मागवलेत, येतील. तुमची सायकल मात्र तुम्हालाच लागणार आहे. तुम्ही ताईला सांगितलं नाहीत, पण तिनं तुमच्या डॉक्टरांना गाठलं. तुमचं घेणार नाहीत असं ते तुम्हाला तेव्हाच म्हणाले होते ना? ह्यांच्या लिव्हरवर आहे त्याच्या दुप्पट चरबी तुमच्या लिव्हरवर आहे. तरी ताईला 'माझं घे म्हणावं' असंच सांगत राहिलात. ते वरचं निर्धास्तपणे खा वगैरे खोडलं आहे असं समजा. रविवारी सायकल घेऊन इकडेच या, सपाट रस्त्यावरून दोघं बरोबर जात जा. तुम्हा दोघा साडूंचं मिळूनसुद्धा एक धड लिव्हर होत नाही.